पंचनामा झाला म्हणजे विमा येणार का?

अतिवृष्टी ओसरली की पारावर हमखास ऐकू येतं, "पंचनामा करून गेले, आता विमा येईल." या समजापायी विमा न भरलेली माणसं महिनोन् महिने वाट पाहत बसतात. म्हणून नीट सांगतो.

पंचनामा होतो तो सरकारी मदतीसाठी. आपण त्याला अनुदान म्हणतो. त्याला हप्ता नाही. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येतात आणि पीक ३३ टक्के किंवा जास्त गेलं असेल तर नाव यादीत जातं. आपत्ती निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि मर्यादा २ हेक्टरची. २०२५ मध्ये राज्याने ती ३ हेक्टर केली. पण ८,५०० रुपयांत सोयाबीनचं बी-खतही भागत नाही.

विमा हा करार आहे. खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबिया पिकांना शेतकऱ्याचा हप्ता संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के. म्हणजे हेक्टरी ५०,००० रुपयांच्या संरक्षणाला १,००० रुपये. इथे तुमचा बांध कोणी बघत नाही, आख्खं महसूल मंडळ, म्हणजे आसपासच्या गावांचा गट, बघतात. मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढायची, तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा ते हेक्टरी १० क्विंटल आहे आणि पीक कापणी प्रयोगात, म्हणजे मंडळातल्या निवडक शेतांत पीक कापून वजन केल्यावर, मंडळाचं उत्पादन ६ निघालं. तूट ४० टक्के, म्हणून भरपाई ५०,००० च्या ४० टक्के, हेक्टरी २०,००० रुपये.

आता उलट बाजू, कारण ती लपवून विमा भरा म्हणणं मला पटत नाही. तुमचं एकट्याचं रान ओढ्याच्या पुरात गेलं आणि मंडळ तरलं, तर विम्यातून काही येणार नाही. तिथे पंचनामाच कामी येतो. पूर्वी ७२ तासांत कळवलं की विमा कंपनीचा माणूसही शेत पाहायला यायचा, त्यामुळे दोन्ही पाहण्या एकच वाटू लागल्या. २०२५ च्या खरिपात राज्याने तो मार्ग बंद केला. शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरायचा तो विमाही तेव्हाच संपला आणि अनेकांनी विमाच सोडला. दोन-चार एकरवाल्याने तरी तसं करू नये. पावसाचा मोठा खंड पडून सगळं मंडळ करपलं, तर हेक्टरी ८,५०० वर त्याचं घर वर्षभर चालत नाही.

अनुदान मिळालं म्हणून विमा अडत नाही. विमा अडतो तो कागदावर: अर्जात सोयाबीन आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून केलेल्या पिकाच्या सरकारी नोंदीत, तूर असेल तर. खरिपाची मुदत साधारण ३१ जुलैची असते. शेतकरी ओळखपत्र त्याआधी काढून ठेवा आणि पावती जपा.