वैयक्तिक संगणकाचे मायक्रोप्रोसेसर

संगणकातील आकडेमोड आणि नियंत्रण ही कामे एकाच सिलिकॉन चिपवर करणारा घटक म्हणजे मायक्रोप्रोसेसर. त्याचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा आणि ट्रान्झिस्टरांच्या, म्हणजे चिपवरील सूक्ष्म विद्युत स्विचांच्या, संख्येचा म्हणून सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. वैयक्तिक संगणकाच्या क्षेत्रात कोणती चिप टिकली हे वेगाइतकेच आणखी एका गोष्टीने ठरवले : लोकांकडे असलेले जुने सॉफ्टवेअर तिच्यावर चालते की नाही.

इंटेल या अमेरिकी कंपनीची ४००४ ही चिप नोव्हेंबर १९७१ मध्ये विक्रीस आली. बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी ती घडवली होती. टेड हॉफ, स्टॅन मेझर, फेडेरिको फाजिन आणि बिझिकॉमचे मासातोशी शिमा हे तिचे निर्माते. तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि ती एका वेळी ४ बिट (० किंवा १ असे अंक) हाताळत असे. इंटेलच्या १९७४ मधील ८०८० या ८ बिटी चिपवर पुढच्या वर्षी अल्टेअर ८८०० हा हौशी मंडळींनी घरी जोडायचा संगणक निघाला. त्याच वर्षी मॉस टेक्नॉलॉजीने ६५०२ ही चिप अवघ्या २५ डॉलरला विकायला काढली. स्पर्धकांच्या तुलनेत ही किंमत इतकी कमी होती की ॲपल आणि कमोडोर यांच्या घरगुती संगणकांना तिने वाट करून दिली. फाजिन यांनी इंटेल सोडून काढलेल्या झायलॉग कंपनीची झेड८० (१९७६) मात्र वेगळ्या कारणाने लोकप्रिय झाली. ८०८० साठी लिहिलेले प्रोग्रॅम तिच्यावर जसेच्या तसे चालत.

इंटेलच्या ८०८६ या चिपपासून निघालेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या एक्स८६ कुळाची सुरुवात तात्पुरती सोय म्हणून झाली. इंटेलची मोठी आशा आयएपीएक्स ४३२ या संपूर्ण नव्या रचनेवर होती. ते काम लांबल्यामुळे मधल्या काळासाठी १६ बिटी ८०८६ तयार करण्यात आली. स्टीफन मोर्स यांनी तिचा आज्ञासंच, म्हणजे चिपला समजणाऱ्या मूळ आज्ञांची यादी, आखला आणि जून १९७८ मध्ये ती बाजारात आली. ४३२ अखेर १९८१ मध्ये आली, पण ती संथ निघाली आणि मागे पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या आपल्या पीसीसाठी (वैयक्तिक संगणकासाठी) आयबीएमने ८०८६ ची धाकटी बहीण ८०८८ निवडली होती. तिचा बाहेरचा डेटा मार्ग ८ बिटांचाच असल्याने बाजारातले स्वस्त सुटे भाग तिच्याबरोबर चालत. एकाच पुरवठादारावर विसंबायचे नाही, हा आयबीएमचा आग्रह होता. त्यामुळे एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीलाही या चिप्स बनवण्याचा परवाना मिळाला आणि पुढच्या स्पर्धेचे बी तिथे रुजले.

८०२८६ (१९८२) मेमरीला संरक्षण देणाऱ्या नव्या पद्धतीत काम करू शकत होती. मात्र त्या पद्धतीत गेल्यावर रीसेट केल्याशिवाय तिला जुन्या पद्धतीत परतता येत नसे, त्यामुळे डॉस या पीसीच्या तेव्हाच्या कार्यप्रणालीचे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना या सुधारणेचा फारसा उपयोग झाला नाही. ३२ बिटी ८०३८६ ने (१९८५) हा दोष दूर केला. संरक्षित पद्धतीतच ८०८६ चे अनेक स्वतंत्र आभास ती उभे करू शके आणि त्यांत डॉसचे जुने प्रोग्रॅम चालत. तिच्यावरचा पहिला नावाजलेला पीसी १९८६ मध्ये आयबीएमच्या आधी कॉम्पॅकने आणला आणि पीसीच्या जगाची सूत्रे आयबीएमच्या हातून निसटू लागली.

४८६ (१९८९) मध्ये कॅश मेमरी (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी लहान वेगवान मेमरी) आणि अपूर्णांकी गणिताचा विभाग मुख्य चिपवरच आला. नुसत्या आकड्यांवर व्यापारचिन्हाचा हक्क मिळत नसल्यामुळे पुढच्या चिपला पेंटियम (१९९३) हे नाव देण्यात आले. ३१ लाख ट्रान्झिस्टरांच्या या चिपच्या विकासात पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांचा मोठा वाटा होता. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना तिच्या भागाकारात चूक सापडली. सदोष चिप्स बदलून देण्यापोटी इंटेलने ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला.

पेंटियम प्रो (१९९५) पासून इंटेलच्या चिप्सचे अंतरंगच पालटले. बाहेरून येणाऱ्या जुन्या आज्ञांचे चिप स्वतःच सोप्या सूक्ष्म आज्ञांत रूपांतर करते आणि सोईच्या क्रमाने त्या पार पाडते. जुना आज्ञासंच सांभाळूनही वेग वाढवण्याची ही युक्ती या साऱ्या इतिहासातील सर्वांत कल्पक म्हणावी लागेल.

दरम्यान इंटेलने ६४ बिटांसाठी पुन्हा एकदा कोरी पाटी धरली. तिची इटानियम (२००१) जुने प्रोग्रॅम फार सावकाश चालवी. एएमडीने २००३ मध्ये एक्स८६ चाच ६४ बिटांपर्यंत विस्तार केला, बाजाराने तो उचलला आणि इंटेललाही तोच स्वीकारावा लागला. वेगाची शर्यत मात्र उष्णतेने रोखली. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, तरी व्होल्टेज त्या प्रमाणात कमी करता येईना. ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचलेल्या पेंटियम ४ ची ४ गिगाहर्ट्झची नियोजित आवृत्ती २००४ मध्ये रद्द झाली. पुढच्याच वर्षी दोन्ही कंपन्यांनी घरगुती संगणकांसाठी दोन गाभ्यांच्या, म्हणजे एकाच चिपमध्ये दोन प्रोसेसर असलेल्या, चिप्स आणल्या.

ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ मध्ये घडवलेली आर्म ही रचना कमी विजेवर चालते. मोबाइल फोनमध्ये रुजल्यावर ती ॲपलच्या एम१ (२०२०) या १,६०० कोटी ट्रान्झिस्टरांच्या चिपमधून मॅक संगणकांत आली. तेव्हाही इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालावेत म्हणून ॲपलने रोझेटा २ हे भाषांतर करणारे सॉफ्टवेअर सोबत दिले. एक्स८६ चिप्स तर सुरू होताना आजही क्षणभर ८०८६ च्याच १६ बिटी पद्धतीत असतात. ही पद्धत काढून टाकण्याचा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला आणि २०२४ मध्ये मागे घेतला.