सहाशेची लेन्स आणि शिवडीची हवा

थंडी सुरू झाली की मला हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. या वेळी भाचीने विचारला. "मामा, शिवडीला गेले होते. तीनशेची लेन्स पुरत नाही. सहाशेची घेऊ का?" (तीनशे, सहाशे हे लेन्सच्या फोकल लेंथचे मिलिमीटर; आकडा जितका मोठा तितकी लांबच्या वस्तूची प्रतिमा मोठी.) सोबत चार फोटो. मी ते मोठे करून पाहिले. मुंबईतल्या शिवडीच्या जेट्टीपासून दीडेकशे मीटरवर धाकट्या फ्लेमिंगोंचा थवा होता. चोचीचा काळपट लाल रंग कळत होता, पण मानेची कड ठिकठिकाणी विरघळल्यासारखी. फोटोची वेळ पाहिली. दुपारचे सव्वाबारा.

लांब लेन्सने काय मिळतं ते आधी पाहू. हिशोब त्रैराशिकाचा आहे. पक्ष्याच्या उंचीला फोकल लेंथने गुणायचं आणि अंतराने भागायचं. 90 सेंटिमीटरचा पक्षी 150 मीटरवर असेल तर 300 मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पृष्ठभागावर, त्याची उंची भरते 1.8 मिलिमीटर. 600 ने 3.6. फुल फ्रेम (36 गुणिले 24 मिलिमीटर सेन्सरच्या) 24 मेगापिक्सेल कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण 6 मायक्रॉनचा असतो. म्हणजे आख्खा पक्षी पहिल्या लेन्सने 300 पिक्सेलचा, दुसरीने 600 पिक्सेलचा. फायदा खरा आहे आणि मोठा आहे. (क्रॉप सेन्सर, म्हणजे त्याहून लहान सेन्सर, लावला की 300 चे 450 होतात, ही मात्र दुकानातली भाषा. प्रतिमा तेवढीच राहते, कडेचा भाग कापला जातो. पिक्सेल बारीक असतील तरच तपशील वाढतो.)

पण या सगळ्या हिशोबात आपण एक भिंग धरलेलंच नाही. ते 150 मीटर जाडीचं आहे, ते कुणाला विकत घ्यावं लागत नाही आणि ते सतत हलत असतं. ते भिंग म्हणजे हवा.

हवेचा अपवर्तनांक सुमारे 1.00027. शाळेत आपण तो 1 धरून मोकळे होतो. हवा एक अंश तापली की तो साधारण दहा लाखात एकाने घटतो. इतक्याशा फरकाने काय होणार, असं वाटेल. ओहोटीला शिवडीचा काळा चिखल उघडा पडतो आणि उन्हात तापतो. त्याला लागून असलेली हवा गरम, वरची थंड. प्रकाशकिरण नेहमी थंड, दाट हवेच्या बाजूला वळतो. मृगजळ दिसतं ते याचमुळे.

आता किती वळतो ते काढू. हा हिशोब मला फार आवडतो, कारण तो आपण दहावीत वेगळ्या नावाने केलेला असतो. वरून सोडलेला दगड किती खाली येतो? अर्धा, गुणिले g, गुणिले वेळेचा वर्ग. किरणाचंही तसंच. अर्धा, गुणिले दर मीटरला अपवर्तनांकात पडणारा फरक, गुणिले अंतराचा वर्ग. समजा, किरणाच्या वाटेला आडवं मोजलं तर मीटरमागे फक्त एक अंशाचा फरक आहे. मग अर्धा, गुणिले एक दशलक्षांश, गुणिले 150 चा वर्ग. उत्तर येतं 11 मिलिमीटर. तेवढ्याने पक्षी सरकलेला दिसतो. 600 च्या लेन्सने त्या अंतरावर एक पिक्सेल पक्ष्याचा दीड मिलिमीटर टिपतो. म्हणजे सात पिक्सेलहून जास्त घसरण!

हवा स्थिर असती तर आख्खा पक्षी सात पिक्सेल सरकला असता, बिघडलं काहीच नसतं. पण तापलेली हवा बुडबुड्यांसारखी वर चढते, वारा ती ढवळतो. चोच एकीकडे सरकते, डोळा दुसरीकडे, आणि पुढच्या क्षणी उलट. लेन्स सहाशेची असो वा बाराशेची, पक्ष्यावरचा हा मिलिमीटरांमधला गोंधळ तेवढाच राहतो, फक्त मोठा होऊन दिसतो. फोकल लेंथ दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं जोडभिंग) लावला तर गोंधळ दुप्पट आणि उजेड दोन स्टॉपने कमी, म्हणजे पाव.

त्या सूत्रातला वर्ग मात्र आपल्या बाजूने वापरता येतो. अंतर निम्मं केलं की घसरण पाव होते. 150 ऐवजी 75 मीटरवर 11 मिलिमीटरचे तीनही उरत नाहीत. खऱ्या हवेचा स्वभाव इतका सरळ नसतो, पण कल हाच.

आणखी एक गोष्ट घरी करून बघा. ट्रेसिंग पेपर वर्तमानपत्राला चिकटवून ठेवा, अक्षरं वाचता येतात. तोच कागद बोटभर वर उचला, अक्षरं गेली. बिघडवणारी वस्तू अक्षराजवळ असेल तर फार बिघडत नाही, डोळ्याकडे येईल तसं बिघडतं. म्हणून पक्ष्याच्या पायाखालच्या चिखलापेक्षा आपल्या पायाखालचं तापलेलं काँक्रीट, शेजारच्या गाडीचं बॉनेट किंवा एसी लावलेल्या गाडीची उघडी काच जास्त नुकसान करते. लेन्स सदोष निघाली म्हणून दुरुस्तीला धाडण्याआधी एका जागेवरून दहा फोटो पाठोपाठ काढा आणि भरभर पुढे-मागे करून पाहा. दोष काचेत असेल तर दहाही फोटो सारखेच पुसट येतील. काही बरे, काही वाईट, आणि चोच जागा बदलतेय असं दिसलं तर दोष हवेचा.

मग जवळ कसं जायचं? चिखलात उतरता येत नाही, उतरूही नये. पाणी पक्ष्यांना आणतं. कोकणात भरतीचा तोंडी हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अमावास्येला नवी वस्तू बाहेर काढू नये म्हणून लेन्स कपाटात ठेवणारे लोक मला माहीत आहेत. अमावास्येची सकाळ शिवडीला खरोखरच वाया जाते, पण अशुभ म्हणून नव्हे. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरती दुपारच्या सुमाराला, त्यामुळे सकाळी ओहोटी, पक्षी लांब. पाणी जवळ येईपर्यंत हवा उकळू लागलेली. पौर्णिमेला, जिला कुणी अशुभ म्हणत नाही, तिलाही नेमकं हेच होतं. याउलट द्वादशी-त्रयोदशीला भरती नऊ ते पावणेदहाला. सात-साडेसातला पाणी चढत असतं, पक्षी काठाकडे सरकत असतात, आणि नुकतंच उजाडल्यामुळे चिखल आणि हवा यांच्या तापमानात फारसा फरक नसतो. अशी संधी महिन्यातून दोनदा, शुद्ध आणि वद्य.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्रश्नच वेगळा. तिथे पक्षी दहा-पंधरा मीटरवर, हवा सावलीत शांत, आणि टंचाई उजेडाची. 600 ला f/6.3 म्हणजे 600 भागिले 6.3, लेन्सचं छिद्र 95 मिलिमीटर; जास्त उजेडासाठी f/4 हवं तर 150 मिलिमीटर, आणि मग वजन आणि किंमत दोन्ही उडी मारतात. झाडीत फिरायचं असेल तर मी हातात पेलणारी लेन्सच सुचवीन.

भाचीला मी सांगितलं, सहाशेची जरूर घे, पण जवळचा पक्षी मोठा दिसावा म्हणून घे. लांबचा पक्षी जवळ आणायचं काम भरतीवर सोड. आणि घेण्याआधी एकदा तीनशेचीच घेऊन द्वादशीला ये. ती आली. साडेसातला पाणी जेट्टीच्या दगडांपर्यंत आलं होतं आणि थवा साठेक मीटरवर, चोची उलट्या करून चिखल गाळत होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिने एक फोटो मोठा केला. पिवळट केशरी डोळा, त्याभोवतीची गडद कड, आणि चोचीवरून ओघळणारा पाण्याचा एक थेंब, सगळं वेगवेगळं मोजता येत होतं.