एन्झाइम टूथपेस्टमधला ‘सुसंगत’ हा शब्द

1950च्या दशकात अमेरिकेत टूथपेस्टच्या जाहिराती ‘एन्झाइमविरोधी’ असल्याचा दावा करत. तोंडातले जिवाणू आपल्या एन्झाइमच्या जोरावर साखरेचं आम्ल करतात, तेव्हा ती एन्झाइमच बंद पाडा, असा तो विचार. त्यासाठी जे द्रव्य घातलं जाई त्याचं नाव सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट, म्हणजे फेस आणणारं एक सरफॅक्टंट. पुढे टूथपेस्टमध्ये मुद्दाम एन्झाइम घालायची वेळ आली, तेव्हा हेच द्रव्य ‘एन्झाइमला त्यातल्या त्यात सौम्य’ म्हणून सुचवलं जाऊ लागलं. एन्झाइमशी ‘सुसंगत’ सरफॅक्टंट कोणतं, या विषयातला सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

एन्झाइमने प्लाक, म्हणजे दातांवरचा जिवाणूंचा चिकट थर, काढण्याच्या कल्पनेला बळ मिळालं ते 1968 साली. हॅमस्टरच्या अन्नपाण्यात डेक्स्ट्रानेज घातल्यावर त्यांच्या दातांवरचा थर आणि कीड दोन्ही कमी झाली. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र निकाल फिके निघाले. त्याची कारणं दोन. हॅमस्टरच्या तोंडात एन्झाइम दिवसभर येत होतं, माणसाच्या तोंडात ते दोन मिनिटं टिकतं आणि मग चूळ भरली जाते. दुसरं म्हणजे डेक्स्ट्रानेज ग्लुकानमधले, म्हणजे जिवाणूंनी साखरेपासून बनवलेल्या चिकट साखळ्यांमधले, अल्फा-1,6 जोड तोडतं, तर थर दाताला घट्ट चिकटवणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या ग्लुकानमध्ये अल्फा-1,3 जोड जास्त असतात. ते तोडणारं म्युटानेज 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आलं. त्याच दशकात युरोपात वेगळी वाट धरली गेली: थर कापण्याऐवजी लाळेची स्वतःची संरक्षणयंत्रणा वाढवायची. अमायलोग्लुकोसिडेज ग्लुकोज सोडतं, ग्लुकोज ऑक्सिडेज त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज ते वापरून लाळेतल्या थायोसायनेटचं जिवाणूरोधक हायपोथायोसायनाइट करतं. ही साखळी ट्यूबमध्येच सुरू झाली तर तोंडात पोचेपर्यंत काही उरत नाही, म्हणून अशा पेस्टमध्ये मोकळं पाणी आणि अडकलेली हवा कमीत कमी ठेवावी लागते.

आता फेसाकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाची जागा सोडियम लॉरिल सल्फेटने, म्हणजे एसएलएसने, घेतली. पेस्टमध्ये त्याचं प्रमाण साधारण 1 ते 2.5 टक्के. पाण्यात सुमारे 0.24 टक्क्याला त्याचे रेणू गोळा होऊन मायसेल बनू लागतात, म्हणजे 1.5 टक्के एसएलएस असलेली पेस्ट लाळेने तिप्पट पातळ झाली तरी प्रमाण या मर्यादेच्या वरच राहतं. हा ऋणभारित रेणू प्रथिनाला चिकटतो आणि त्याची घडी उलगडतो. एक ग्रॅम प्रथिनाला सुमारे 1.4 ग्रॅम एसएलएस चिकटतं, आणि याच गुणावर 1960च्या दशकाच्या अखेरीपासून प्रयोगशाळांत प्रथिनं वजनानुसार वेगळी केली जातात. जे द्रव्य प्रथिनांची घडी मोडण्यासाठीच तिथे वापरलं जातं, त्याच्यासोबत एन्झाइम एका ट्यूबमध्ये भरणं किती धोक्याचं, हे यावरून कळावं. लायसोझाइमचं, म्हणजे जिवाणूंची भिंत तोडणाऱ्या लाळेतल्या एन्झाइमचं, तर आणखी वाईट: त्याच्यावर धनभार असल्याने एसएलएसबरोबर त्याचा सरळ साका बसतो.

म्हणून एन्झाइम न बिघडवणाऱ्या ‘सुसंगत सरफॅक्टंट’चा शोध. पण सुसंगत कशाशी, यावर एकमत कधीच नव्हतं. सूत्र बनवणाऱ्याच्या लेखी 40 अंश सेल्सिअसला तीन महिने ठेवूनही एन्झाइमची क्रियाशीलता टिकली की ते सुसंगत. दंतवैद्याच्या लेखी ते तोंडात, लाळेत काम करत असलं पाहिजे. आणि पेटंटच्या भाषेत तर एसएलएसपेक्षा कमी नुकसान करणारं काहीही सुसंगत ठरतं. या तिसऱ्या अर्थानेच सर्वाधिक घोळ घातला आहे.

भाररहित सरफॅक्टंट, म्हणजे स्टिअरेथ-30, पोलॉक्सामर 407, पॉलिसॉर्बेट 20, प्रथिनाला फारसे छेडत नाहीत. पण त्यांचा फेस तोकडा. भारतात ही अडचण चवीपुरती राहत नाही, कारण टूथपेस्टच्या भारतीय मानकात, आयएस 6356मध्ये, फेस किमान 50 मिलिलिटर यावा अशी अट आहे. ती गाठायला कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा टॉरेट घालावं लागतं. बीटेनला किंचित कडवट चव असते आणि त्यातल्या अशुद्धींची काहींना ॲलर्जी होते. माउथवॉशमध्ये फेसाची गरज नसते, तिथे सरफॅक्टंटचं काम पुदिन्याचं तेल पाण्यात विरघळवण्याचं. तिथला शत्रू अल्कोहोल: 20 टक्क्यांच्या आसपास गेलं की बरीच एन्झाइमं महिनोन्‌महिने तग धरत नाहीत.

पेपेनच्या बाबतीत सरफॅक्टंट सांभाळूनही पेस्ट फसते. प्रथिनं तोडणारं हे एन्झाइम कच्च्या पपईच्या चीकातून येतं; आपल्याकडे जळगाव भागात तो चीक काढला जातो, आणि तिथेही लोखंडी सुरी टाळतात, कारण लोहाने चीक बिघडतो. पेपेनचं काम त्यातल्या एका गंधकयुक्त गटावर चालतं. जस्त, पेरॉक्साइड, दालचिनीच्या स्वादातलं सिनॅमाल्डिहाइड, यांपैकी काहीही तो गट अडवतं. शिवाय कॅल्शियम कार्बोनेटवर आधारलेली स्वस्त पेस्ट अल्कधर्मी असते, तिथे पेपेन मंदावतं. सिलिकावर आधारलेली, सामू (pH) 7च्या आसपासची पेस्ट बरी. एन्झाइम ग्लिसरीनमध्ये कालवून सर्वांत शेवटी, 40 अंशांच्या खाली, निर्वातात मिसळायचं. मिश्रणात फेस झाला तर हवेच्या बुडबुड्यांवरही प्रथिन उलगडतं.

1990च्या दशकाच्या मध्यात नॉर्वेतल्या अभ्यासांनी एसएलएसचा संबंध वारंवार येणाऱ्या तोंडातल्या फोडांशी जोडला. नंतरचे निष्कर्ष सरसकट जुळले नाहीत, पण एसएलएसविरहित पेस्टला बाजार मिळाला, आणि एन्झाइमवाल्यांना अनपेक्षित आधार. इथेच एक फसगत दडली आहे. एन्झाइम पेस्टची तुलना नेहमीच्या एसएलएस पेस्टशी केली की दोन गोष्टी एकदम बदलतात. हिरड्या सुधारल्या तर श्रेय एन्झाइमचं की एसएलएस गेल्याचं? याचं उत्तर हवं तर तीच पेस्ट, तेच सरफॅक्टंट आणि उष्णतेने निकामी केलेलं एन्झाइम असा गट ठेवायला हवा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या 14 आठवड्यांच्या चाचणीत एन्झाइम पेस्ट वापरणाऱ्यांच्या प्लाकमध्ये हिरड्यांच्या आरोग्याशी जोडल्या जाणाऱ्या जिवाणूंचा वाटा वाढलेला दिसला. निकाल दखल घेण्याजोगा आहे, पण चाचणी उत्पादकांच्या पुढाकारातली होती.

वेष्टनावर एन्झाइमचं नाव असतं. क्रियाशीलतेचे युनिट आणि ते कोणत्या तारखेपर्यंत टिकतील हे बहुधा नसतं. तो आकडा छापला गेला, तर ‘सुसंगत’ या शब्दाची परीक्षा दुधाच्या आगर प्लेटवरही, म्हणजे दूध घालून गोठवलेल्या जेलीच्या थाळीवरही, घेता येईल: पेपेनची पेस्ट पाण्यात कालवून एक थेंब टाकायचा, आणि सकाळी थेंबाभोवती पारदर्शक कडं पडलं का ते बघायचं.