फांदीला लोंबणारी मसलत

"आंब्याला आग्यामोहोळ बसलंय, लवकर या!" शेजारच्या काकूंचा फोन. जाऊन बघतो तर सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या, माश्यांचा नारळाएवढा घोस. ना पोळं, ना मध. एकजण उदबत्ती घेऊन उभा, दुसरा टेंभा. लक्ष्मी आली की साडेसाती, यावर वाद चाललेला. आलं यातलं काहीच नव्हतं, वसाहत फुटली होती एवढंच.

फुलोरा भरात असला आणि घरात दाटी झाली की जुनी राणी बऱ्याचशा कामकऱ्यांना घेऊन बाहेर पडते. घर मागच्या नव्या राणीला. निघताना माश्या पोटात मध भरून घेतात. राखायला पिल्लं नाहीत, साठा नाही, म्हणून त्या सहसा डसत नाहीत. तरी तोंडावर जाळी हवीच, आणि खऱ्या आग्याच्या वाटेला जाऊच नये.

पकडणं तसं सोपं. घोसाखाली पेटी धरायची, फांदीला एक हिसडा द्यायचा. राणी आत पडली की बाकीच्या मागोमाग उतरतात. पहिल्या वेळी मी लगेच पेटी उचलून घरी आणली. संध्याकाळी फांदीभोवती मूठभर माश्या घिरट्या घालत होत्या. त्या टेहळ्या; घर शोधायला गेल्या होत्या.

सातेरीला आग्यासारखं उघड्यावर चालत नाही, ढोली लागते. ती कशी शोधतात याचा उलगडा युरोपातल्या माश्यांवर झाला. १९४९ मध्ये म्युनिकला माश्यांचे अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांना झुडपावरच्या घोसावर काही माश्या नाचताना दिसल्या. कुणाचं अंग काजळीनं माखलेलं, कुणाचं विटेच्या धुळीनं. एरवी माश्या नाचून फुलांचा पत्ता सांगतात; पण फुलांवरून आलेल्या या नव्हेत, जागा बघून आलेल्या! नाचातल्या सरळ धावेचा कोन दिशा सांगतो, तिचा वेळ अंतर.

अनेक जागांतून एक कशी ठरते, हे पुढचं कोडं अभ्यासक थॉमस सीली यांनी सोडवलं. जागा जितकी चांगली तितकी टेहळी जास्त फेऱ्या नाचते. पण दर खेपेला परत आल्यावर तिच्या फेऱ्या कमी होतात आणि शेवटी ती गप्प बसते, जागा कितीही आवडलेली असो. त्यामुळे सुमार जागेचा प्रचार लवकर विरतो, उत्तम जागेचा टिकून नव्या टेहळ्या ओढतो. दोन जागांची तुलना एकाही माशीला करावी लागत नाही. शिवाय विरोधी गटाच्या नाचणारीला डोक्यानं ढुशी देऊन 'थांब' म्हणायचीही सोय आहे. एका जागी वीस-तीस टेहळ्या एकदम जमल्या की त्या घोसात परतून चिरक्या आवाजात इशारा देतात. माश्या छातीचे स्नायू थरथरवून अंग पस्तीस अंशांपर्यंत तापवतात आणि सगळा घोस उडतो. राणीला कोणी विचारत नाही. नाव राणीचं, मसलत टेहळ्यांची.

म्हणून आता मी पेटीच्या दाराला राणीजाळी (राणीला अडवणारी, बाकीच्यांना जाऊ देणारी) लावतो आणि पेटी अंधार पडेपर्यंत फांदीखालीच ठेवतो. परवा शेवटची माशी दिवेलागणीला उतरली. पाठीवर तांबडी भुकटी होती. कुठल्या पडक्या भिंतीत जागा बघून आली होती, तीच जाणे.