गरुडाचं डोकं म्हणजे कारागिराची सही नव्हे!

जुन्या फ्रेंच कफलिंकवर गरुडाचं डोकं दिसलं की ‘नेपोलियनच्या काळातलं, गरुडछाप कारागिराचं काम’ असं ठोकून देणारे बरेच भेटतात. यातलं एकही खरं नाही. नेपोलियन 1821 मध्ये वारला. हा गरुड आला 1838 साली, लुई-फिलिपच्या राजवटीत. तो सरकारी शिक्का आहे. सोनं किमान 18 कॅरेटचं, एवढंच तो सांगतो. शिवाय तो आजही मारला जातो, त्यामुळे निव्वळ गरुडावरून जोडी शंभर वर्षं जुनी ठरत नाही. (विकणारा हे बहुधा सांगत नाही.)

कारागिराची खूण वेगळी असते. 1797 च्या कायद्यापासून ती शंकरपाळीच्या आकाराच्या चौकटीत येते: आत नावाची आद्याक्षरं आणि सोबत एखादं छोटं चित्र, म्हणजे तारा, चावी, पान असं काहीतरी. मीनाकारीच्या दर्शनी बाजूवर ती शोधू नका. तिथे ठसा मारला तर मीना तडकेल. दोन बाजू जोडणारी साखळीची कडी किंवा मागची कड दहापट भिंगाखाली तिरप्या उजेडात फिरवून पाहा. शिक्का जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, वर झिजलेला. कधी शंकरपाळीचा अर्धाच कोपरा उरलेला असतो.

चौकट चौरस दिसली तर सावध व्हा, तो सोन्याचा पत्रा चढवलेला माल. आणि घुबड दिसलं तर? 1893 पासून बाहेरून आलेल्या किंवा मूळ ठाऊक नसलेल्या सोन्यावर ते मारतात. म्हणजे सोनं खरं, पण ‘फ्रेंच’ म्हणायला तो पुरावा नाही.