स्मार्ट इंडिया हॅकेथॉन : शहरांच्या प्रश्नांवर काम करायचंय? आधी कॉलेजचा ‘स्पॉक’ गाठा

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन ही सरकारी खात्यांनी दिलेल्या समस्यांवर ठरलेल्या वेळात तोडगा तयार करण्याची विद्यार्थ्यांची स्पर्धा. ती २०१७ पासून होते; केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा इनोव्हेशन सेल आणि तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीई ती घेतात. या स्पर्धेत विद्यार्थ्याला परस्पर अर्ज करता येत नाही. तुमचं नाव कॉलेज पाठवतं. त्यासाठी कॉलेजने एक प्राध्यापक नेमलेला असतो, त्यांना सगळीकडे ‘स्पॉक’ (SPOC, सिंगल पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट) म्हणतात. आपल्या कॉलेजात हे काम कोणाकडे आहे, हे सत्र सुरू होताच विचारून ठेवा. कोणाकडेच नसेल तर विभागप्रमुखांच्या मागे लागा. कॉलेजचा आयशे क्रमांक (AISHE, उच्च शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणात कॉलेजला मिळालेला क्रमांक) आणि प्राचार्यांच्या सहीचं लेटरहेडवरचं पत्र असलं की स्पॉकची नोंदणी होते. ती झाली नाही, तर पुढचं सगळं तिथेच थांबतं.

पात्रता

संघ सहा जणांचा, लीडर धरून. त्यात किमान एक मुलगी हवीच. सगळे एकाच कॉलेजचे हवेत, शाखा मात्र वेगवेगळ्या चालतात, आणि शहरी प्रश्नांसाठी त्या वेगळ्या असलेल्याच बऱ्या. सांडपाण्याच्या विषयावर सहाही जण कॉम्प्युटरचे असले, तर चेंबर आणि मॅनहोलमधला फरक सांगायलाही कोणी नसतं. सिव्हिलचा एक तरी गडी घ्या. आणि नियम आहे म्हणून ऐनवेळी एका मैत्रिणीचं नाव घालून काम पाच जणांनीच करायचं, हा प्रकार परीक्षकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नातच उघडा पडतो.

संघाच्या नावात कॉलेजचं नाव कुठल्याही रूपात चालत नाही. आद्याक्षरंसुद्धा नकोत.

कॉलेजची फेरी

कॉलेजने स्वतःची अंतर्गत हॅकेथॉन घेणं बंधनकारक आहे. तिथे निवडलेले संघच स्पॉक स्पर्धेच्या पोर्टलवर भरतात, आणि किती संघ पाठवायचे याला मर्यादा असते. प्रत्येकाचं नाव, ईमेल, मोबाइल, शाखा, वर्ष ही माहिती याच वेळी जाते. नाव ओळखपत्रावर आहे तसंच द्या. लीडरचा ईमेल रोज उघडला जाणारा असू द्या, कारण पुढचा पत्रव्यवहार तिथे येतो. कॉलेजने दिलेला आणि पासवर्ड कोणालाच आठवत नसलेला ईमेल देऊ नका.

समस्या कशी निवडायची

समस्या केंद्राची मंत्रालयं, राज्य सरकारं आणि सार्वजनिक कंपन्या देतात. २०२५ च्या यादीत झारखंड सरकारने नागरिकांच्या तक्रारी नोंदवून त्या निकाली काढणारी यंत्रणा मागितली होती, पंजाबने छोट्या शहरांतल्या बसचा ठावठिकाणा दाखवणारी, ओडिशाने वाहतूक कोंडीसाठी, तर केरळकडून कोची मेट्रोच्या गाड्यांच्या नियोजनाचा विषय आला होता. यादीत प्रत्येक समस्येसमोर आतापर्यंत किती कल्पना आल्या तो आकडा दिसतो. तो बघाच. जिथे कल्पनांची गर्दी आहे, त्या विषयात साधा ‘खड्ड्याचा फोटो काढा, ॲपवर टाका’ प्रकार टिकत नाही.

खड्ड्यांच्या तक्रारीत खरी गुंतागुंत फोटोनंतर सुरू होते. मुंबईत एक रस्ता महापालिकेचा, दुसरा एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), तिसरा सार्वजनिक बांधकाम खात्याचा. तक्रार आपोआप नेमक्या कोणाच्या टेबलावर जाणार आणि ‘हा रस्ता आमचा नाही’ असं उत्तर आलं की पुढे काय, हे ज्यांच्या आराखड्यात असेल त्यांचं काम वेगळं दिसतं. त्यासाठी वॉर्ड ऑफिसात एक सकाळ घालवा. तक्रार वहीत कशी चढते आणि कनिष्ठ अभियंत्याकडे कशी जाते, ते तिथेच कळतं.

सहा स्लाइड

कल्पना पोर्टलवरच्या ठरलेल्या साच्यातच द्यायची असते. शीर्षकाची स्लाइड धरून जास्तीत जास्त सहा, आणि फाइल पीडीएफमध्ये. पहिल्या स्लाइडवर समस्येचा क्रमांक, शीर्षक, थीम, सॉफ्टवेअर की हार्डवेअर, संघाचा क्रमांक आणि नाव. नंतर कल्पना, तांत्रिक मांडणी, व्यवहार्यता, परिणाम आणि शेवटी संदर्भ. परिच्छेद टाळा, मुद्दे आणि आकृत्या द्या. सर्वांत दुबळी स्लाइड बहुतेक वेळा व्यवहार्यतेची असते: ‘इंटरनेटची अडचण येऊ शकते’ एवढंच लिहून मोकळे होतात. पंजाबच्या बसच्या विषयात तर कमी इंटरनेटवर चालणं हीच अट होती! तिथे जीपीएसचं सिग्नल गेलं तर बसचं ठिकाण कशावरून काढणार, हे लिहावं लागतं.

अंतिम फेरी

निवड झाली की देशभरातल्या एखाद्या नोडल केंद्रावर, म्हणजे अंतिम फेरी भरवणाऱ्या संस्थेत, जावं लागतं, आणि केंद्र तुमच्या राज्यातच मिळेल असं नाही. सॉफ्टवेअरची फेरी सलग ३६ तासांची, हार्डवेअरची पाच दिवसांची. अलीकडच्या फेऱ्या डिसेंबरमध्ये झाल्यात. नेमक्या त्याच सुमारास सत्र परीक्षा येतात, तेव्हा परीक्षा विभागाला आधीच लेखी कळवा. कॉलेजचं ओळखपत्र, बोनाफाईड आणि आधार यांच्या मूळ प्रती व झेरॉक्स सोबत ठेवा. २०२४ मध्ये प्रत्येक समस्येमागे विजेत्या संघाला १ लाख रुपये होते. दरवर्षी रक्कम आणि तारखा बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या सीनियरचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड बाजूला ठेवा आणि चालू वर्षाची नियमावली पोर्टलवरूनच उतरवून घ्या.