ऑग्सबर्गचा इंटेरिम आणि ऑग्सबर्गचा तह

1555 चा ऑग्सबर्गचा तह बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असतो: लुथरपंथ की कॅथलिक पंथ, हे त्या त्या संस्थानिकाने ठरवावे आणि प्रजेने ते मान्य करावे. त्याविषयी येथे फारसे लिहीत नाही. घोळ होतो तो त्याच शहरात 1548 मध्ये जाहीर झालेल्या ‘इंटेरिम’बाबत, म्हणजे तात्पुरत्या धर्मव्यवस्थेच्या फर्मानाबाबत. पवित्र रोमन साम्राज्याचा (मुख्यतः जर्मन प्रदेशांचा) सम्राट पाचवा चार्ल्स याने इंटेरिमने जी धार्मिक तडजोड सुरू केली, तीच पुढे तहाने पूर्णत्वास नेली, असे परीक्षांच्या टिपणांत पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. हे साफ चूक आहे, कारण 1555 मध्ये चार्ल्सचे काम पूर्ण झाले नाही, तर मोडीत निघाले. (1530 चे ऑग्सबर्ग श्रद्धापत्र हे तर लुथरपंथीयांचे स्वतःचे निवेदन, त्याचा या दोहोंत समावेश करू नये.)

खरा फरक आहे तो हाती घेतलेल्या प्रश्नाचा. एप्रिल 1547 मध्ये म्युलबर्गच्या लढाईत प्रॉटेस्टंट संस्थानिकांचा पराभव करून चार्ल्स ऑग्सबर्गला आला, तेव्हा त्याला दोन पंथांत वाटणी करून द्यायची नव्हती, त्याला साम्राज्यात एकच चर्च हवे होते. त्यासाठी यूलिउस फॉन फ्लुग आणि मिखाएल हेल्डिंग या कॅथलिकांनी व योहान आग्रिकोला या लुथरपंथीयाने 26 प्रकरणांचा मसुदा सिद्ध केला, आणि चर्चच्या धर्मपरिषदेचा अंतिम निर्णय होईपर्यंत लोकांनी काय मानावे व उपासना कशी करावी, हे त्यात लिहून दिले. सातही साक्रामेंते (चर्चचे पवित्र संस्कार), मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) आणि पोपचे श्रेष्ठत्व कायम राहिले. प्रॉटेस्टंटांच्या पदरात ठळक अशा दोनच सवलती पडल्या: ज्या धर्मगुरूंनी आधीच लग्न केले होते त्यांचे विवाह तूर्त चालवून घेणे, आणि सामान्य भाविकांना भाकरीबरोबर द्राक्षारसही देणे. मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, हा लुथरचा मूळ मुद्दा. त्याला प्रेमाची जोड देऊन मसुद्याने त्याची धारच काढून घेतली. शिवाय कॅथलिक संस्थानिकांनी ही व्यवस्था स्वतःला लावून घेण्यास नकार दिल्यामुळे दोन्ही पक्षांसाठी आखलेला मधला मार्ग अखेर एकाच पक्षावर लादला गेला. माग्डेबुर्ग या प्रॉटेस्टंट शहराने तो धुडकावला आणि वेढा सोसला. धर्मसुधारक मार्टिन बुत्सरला स्ट्रासबुर्ग सोडून इंग्लंड गाठावे लागले. आणि रोमलाही हे रुचले नाही, कारण श्रद्धेचे नियम सम्राटाने परस्पर ठरवावेत, हे पोपला कसे मानवणार?

1555 च्या तहाने काय मानावे, या प्रश्नाला हातच घातला नाही. ते कोणी ठरवावे, एवढेच त्याने सांगितले. 1552 मध्ये सॅक्सनीचा प्रॉटेस्टंट संस्थानिक मॉरिट्स याने फ्रान्सच्या पाठबळावर बंड केले आणि चार्ल्सला इन्सब्रुकहून पळ काढावा लागला. त्यानंतर सारी बोलणी त्याचा भाऊ फर्डिनांड याने केली. धर्मातील फूट कायदेशीर करण्याचे ओझे सदसद्विवेकावर नको, म्हणून तह ठरवणाऱ्या 1555 च्या साम्राज्यसभेला चार्ल्स गेलाच नाही. तहाचे श्रेय त्याला देणाऱ्यांनी ही गैरहजेरी ध्यानात घ्यावी.

माझ्या मते या दोहोंत अभ्यासण्याजोगा आहे तो फसलेला इंटेरिमच, कारण दोन्ही पंथांच्या शिकवणीतून एकच मजकूर घडवताना काय सोडावे लागते, हे त्यातच दिसते. तह हा व्यवहार होता, आणि टिकाऊ व्यवहार होता. पण त्याला धर्मस्वातंत्र्य म्हणण्याची सवय सोडायला हवी. संस्थानिकाचा पंथ न पटणाऱ्या सामान्य माणसाला मालमत्ता विकून दुसरीकडे जाण्याची मुभा तेवढी मिळाली, आणि कॅल्विनपंथीयांना, म्हणजे प्रॉटेस्टंटांतील दुसऱ्या पंथाला, तर 1648 पर्यंत या व्यवस्थेत स्थानच नव्हते.